गड्ड्याच्या रात्री बंद मागावर निघालेले टॉवेल

"माग बंद होता की ओ माझा. मग हे टॉवेल कुठून यायलालेत?"

सोलापुरात, अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात, गड्डा यात्रेनंतरच्या पहिल्या पगाराला, रात्रपाळीच्या एका विणकरमामांनी दिवाणजींना हे विचारलं. होम मैदानावर शोभेचं दारूकाम होतं त्या रात्री मामा नातवंडांना घेऊन तिकडे गेले होते. कामावर बदली कुणी नव्हता, माग रात्री आठ ते सकाळी आठ उभा होता. तरी पगारपत्रकात त्यांच्या नावापुढे त्या रात्रीचे टॉवेल आणि त्यांची मजुरी. मामांचं म्हणणं सरळ होतं: हे माझे नाहीत, म्हणजे दुसऱ्या कुणाचे तरी आहेत, ते शोधा.

दिवाणजींनी मला फोन केला. कारखान्याचा मजुरीचा प्रोग्रॅम मी सांभाळतो. पुढे जे सापडलं त्यात यंत्र बिघडलेलं नव्हतं, नोंदी चुकलेल्या नव्हत्या, हिशेबाचं सूत्रही बरोबर होतं. एका प्रोग्रॅमला सुरू होताना एक छोटी गोष्ट सांगायची राहून गेली होती, आणि त्यामुळे साडेसहा आठवडे माणसांची मजुरी इकडची तिकडे जात होती. लिनक्सवर छोटेमोठे प्रोग्रॅम चालवणाऱ्यांना उपयोग होईल म्हणून हे प्रकरण चुकांसकट लिहितो आहे. आज्ञा इथे देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात त्या रोमन अक्षरांत टाइप करायच्या, आणि व्हेरिएबलांची नावं कॅपिटलमध्ये.

आधी कारखान्याची रीत. चोवीस माग, दोन पाळ्या: सकाळी आठ ते रात्री आठ, रात्री आठ ते सकाळी आठ. मजुरी नगावर, पगार आठवड्याला. प्रत्येक मागाशेजारी एक बटण आहे. डझन पुरा झाला की विणकर ते दाबतो आणि मागाचा नंबर व वेळ यांची एक नोंद पडते. दुपारी तीनला आदल्या दिवसाचं पत्रक आपोआप निघतं: कोणत्या मागावर, कोणत्या पाळीत, किती नग. त्या पाळीला ज्याचं नाव लावलेलं असेल त्याच्या खात्यावर ते नग जातात. आधी हे सगळं ऑफिसातल्या एका जुन्या संगणकावर चालायचं. डिसेंबरच्या सुरुवातीला तो बंद पडला आणि काम भाड्याच्या सर्व्हरवर नेलं. मामांचा प्रश्न आला तो त्यानंतर साडेसहा आठवड्यांनी.

मी सर्व्हरवर शिरून नुसतं 'डेट' चालवलं. ही आज्ञा यंत्राची वेळ दाखवते. माझ्या मनगटावर संध्याकाळचे सहा, सर्व्हरवर साडेबारा. सर्व्हर यूटीसीवर, म्हणजे जागतिक प्रमाण वेळेवर होता. भाड्याची यंत्रं बहुधा तशीच येतात आणि त्यात गैर काही नाही. पण आपली वेळ यूटीसीच्या साडेपाच तास पुढे, आणि मजुरीचा प्रोग्रॅम पाळी ठरवताना स्थानिक वेळेतले आठ बघतो. स्थानिक म्हणजे यंत्र सांगेल ती.

साडेपाच तासांनी नेमकं काय होतं हे मी तिथेच पाठकोऱ्या चलनावर मांडून पाहिलं. यूटीसीतले सकाळचे आठ म्हणजे इथली दुपारची दीड. यूटीसीतले रात्रीचे आठ म्हणजे इथली मध्यरात्रीनंतरची दीड. म्हणजे प्रोग्रॅमच्या लेखी दिवसपाळी दुपारी दीडला सुरू होऊन रात्री दीडला संपत होती. दिवसपाळीच्या माणसाने सकाळी आठ ते दीड जे विणलं, ते आदल्या रात्रीच्या माणसाच्या खात्यावर. रात्रीच्या माणसाने आठ ते दीड जे विणलं, ते दिवसाच्या माणसाच्या खात्यावर. मामांच्या बंद मागावर निघालेले टॉवेल दुसऱ्या दिवशी सकाळी आठनंतर दिवसपाळीच्या विणकराने काढले होते.

हे इतके दिवस कुणाला दिसलं कसं नाही? कारण प्रत्येकाच्या खात्यावर बारा तासांचंच काम दिसत होतं, फक्त त्यातले साडेपाच तास शेजाऱ्याचे होते. कारखान्याची आठवड्याची बेरीज जवळजवळ बरोबर येत होती. गोडाऊनचा ताळा लगेच लागत नाही, कारण विणलेला माल कापून, शिवून, धुऊन गठ्ठ्यात जाईपर्यंत दोन-तीन दिवस जातात. दोन्ही पाळ्यांचे विणकर सारख्या हाताचे असतील तर पगारही सारखा. नुकसान फक्त चलाख हाताच्या माणसाचं, ज्याचा जोडीदार सावकाश काम करतो त्याचं. असा माणूस आठवड्याच्या शेवटी एवढंच म्हणतो की या वेळी जरा कमीच आले. नगावर मजुरी असलेल्या माणसाला 'जरा कमी आले' हे ऐकवून घरी पाठवणं मला सहन होत नाही. माझे वडील यंत्रमागावरच होते. त्यांच्या वेळी पाळी गिरणीच्या भोंग्यावर बदलायची आणि तो भोंगा सगळ्यांना एकदमच ऐकू यायचा.

एक गोष्ट चांगली होती. बटण दाबल्यावर जी वेळ साठते ती घड्याळातली वेळ नसते. १ जानेवारी १९७० च्या यूटीसी मध्यरात्रीपासून किती सेकंद झाले, ती संख्या साठते. ही संख्या सोलापुरात आणि लंडनमध्ये एकच असते. तिचे 'रात्रीचे साडेआठ' करायचे की 'दुपारचे तीन', हे नंतर, पत्रक काढताना ठरतं. म्हणजे मूळ नोंदी शाबूत होत्या, अर्थ लावताना चूक होत होती.

आणि तो अर्थ लावण्याची किल्ली म्हणजे 'टीझेड' (टाइम झोन) नावाचं एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल. लिनक्सवर कोणताही प्रोग्रॅम सुरू होताना कर्नल, म्हणजे लिनक्सचा गाभा, त्याच्या हातात दोन याद्या देतो: एक आज्ञेपुढे लिहिलेल्या शब्दांची, दुसरी 'नाव=किंमत' अशा जोड्यांची. ही दुसरी यादी म्हणजे त्याचं एन्व्हायर्नमेंट. १९७९ च्या सातव्या आवृत्तीच्या युनिक्सपासून ही रीत चालत आली आहे. सुरू करणारा प्रोग्रॅम आई, सुरू होणारा मूल. यादी आईकडून मुलाला मिळते, पण ती प्रत असते. मुलाने तिच्यात काहीही खोडलं तरी आईची यादी तशीच राहते. पुढच्या सगळ्या उपायांचं यशापयश या एका गोष्टीवर ठरलं.

पहिला उपाय मी घाईत केला आणि तो चुकला. अख्ख्या यंत्राचीच वेळ भारतीय करून टाकली आणि यंत्र रीस्टार्ट केलं. पत्रक बरोबर येऊ लागलं असतं यात शंका नाही. पण त्याच यंत्रावर डेटाबेसचा रोजचा बॅकअप क्रॉनमध्ये (ठरल्या वेळी कामं आपोआप चालवणारा प्रोग्रॅम) 'साडेवीस वाजता' असा लावलेला होता. यूटीसीतले साडेवीस म्हणजे इथले पहाटेचे दोन. यंत्राची वेळ बदलल्यावर तोच बॅकअप रात्री साडेआठला, पाळी बदलून अर्धा तास होतो न होतो तोच, सुरू झाला. बटणं दाबली तरी नोंद उमटेना. मुकादमांनी पुढचा तासभर डझन वहीत लिहून घेतले. निर्यातीची कागदपत्रं काढणारा दुसरा प्रोग्रॅमही तिथेच होता आणि तो यूटीसी धरूनच लिहिलेला होता. मी सगळं पूर्ववत केलं. मालक म्हणाले, "एका पत्रकासाठी सगळ्या घराची घड्याळं कशाला फिरवता? त्या पत्रकापुरतं करा." अगदी बरोबर बोलले.

त्या पत्रकापुरतं करायची सोय शेलमध्ये, म्हणजे आपण टाइप केलेल्या आज्ञा चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, आहेच. आज्ञेच्या आधी, त्याच ओळीत, जोडी लिहायची:

टीझेड=एशिया/कोलकाता डेट

यात टीझेड फक्त या एका 'डेट'च्या यादीत जातं. तो संपला की संपलं. शेलला त्याचा पत्ताही नसतो. हीच गोष्ट 'एन्व्ह' या आज्ञेने करता येते: 'एन्व्ह टीझेड=एशिया/कोलकाता डेट'. बरोबरच्या चिन्हाच्या (=) दोन्ही बाजूंना मोकळी जागा चालत नाही. मध्ये अर्धविराम टाकला, 'टीझेड=एशिया/कोलकाता; डेट' असं लिहिलं, तर त्या दोन वेगळ्या आज्ञा होतात. टीझेड आधीपासून एक्स्पोर्ट केलेलं (म्हणजे मुलांना द्यायच्या यादीत घातलेलं) नसेल तर ते शेलपाशीच पडून राहतं आणि 'डेट'पर्यंत पोचत नाही.

ऑफिसात संगणक बघणारा मुलगा शेजारी बसला होता. त्याने आधी 'टीझेड=आयएसटी डेट' करून पाहिलं आणि पडद्यावर 'आयएसटी' दिसल्यावर झालं म्हणून हात काढला. मी म्हटलं, तास बघ. तास यूटीसीचेच होते. इथे फार माणसं फसतात म्हणून थोडं थांबतो. आयएसटी, म्हणजे भारतीय प्रमाण वेळेचं इंग्रजी लघुरूप, हे टीझेडला कळणारं पूर्ण उत्तर नाही. त्याला एकतर वेळेच्या विभागांच्या यादीतलं 'एशिया/कोलकाता'सारखं नाव लागतं, नाहीतर अक्षरांपुढे किती तासांचा फरक ते लागतं. फरक दिलाच नाही तर लिनक्सची नेहमीची सी लायब्ररी तो शून्य धरते आणि तुम्ही दिलेली अक्षरं मात्र लेबल म्हणून तशीच छापते. चूक झाल्याचा एक शब्दही नाही. 'कोलकाता'च्या स्पेलिंगमध्ये एक अक्षर जास्त पडलं तरी तेच: निमूटपणे यूटीसी, आणि लेबलाच्या जागी 'एशिया'. फरक आकड्यात द्यायचा तर 'आयएसटी-५:३०' असा वजा चिन्हाने द्यावा लागतो, कारण तिथे यूटीसी मिळवायला स्थानिक वेळेत किती घालायचे ते सांगायचं असतं. आपण पुढे असून वजा लिहायचं, हे लक्षात ठेवण्यापेक्षा शहराचं नाव देणं बरं.

"कोलकाता का, मुंबई का नाही?" मुलाने विचारलं. या यादीत विभागाला त्यातल्या मोठ्या लोकसंख्येच्या शहराचं नाव देतात, सगळ्या भारताला एकच नाव. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशावरची ही वेळ देशाने १९०६ पासून धरली. सूर्य बघितला तर सोलापूर तिच्या पंचवीसेक मिनिटं मागे आहे. पण पाळी सूर्यावर बदलत नाही.

खात्री करताना तो आणखी एकदा अडला. त्याने 'टीझेड=एशिया/कोलकाता एको' लिहून पुढे डॉलर-टीझेड टाकलं. 'एको' पुढे लिहिलेलं छापतो, आणि डॉलर-टीझेड म्हणजे टीझेडची किंमत. काहीच छापलं नाही, आणि त्याला वाटलं जोडी पोचतच नाही. पोचत होती. पण डॉलर-टीझेडच्या जागी किंमत भरण्याचं काम शेल स्वतः, 'एको' सुरू होण्याआधी, आपल्या यादीतून करतो, आणि त्याच्या यादीत टीझेड नव्हतं. पाहायचंच तर ज्याला यादी मिळते त्यालाच वाचायला लावायचं: 'टीझेड=एशिया/कोलकाता प्रिंटएन्व्ह टीझेड'. हे केल्यावर 'एशिया/कोलकाता' छापलं गेलं.

मग खऱ्या कामाला लावलं. पत्रक दोन प्रोग्रॅम मिळून काढतात. पहिला डेटाबेसमधून नोंदी उपसतो आणि वर तारखेचा मथळा लिहितो. पाइपमधून (एका प्रोग्रॅमने छापलेलं थेट दुसऱ्याला देणारी सोय) त्या दुसऱ्याकडे जातात, दुसरा पाळ्या पाडतो. मुलाने जोडी ओळीच्या सुरुवातीला लावली. मथळ्यातली वेळ बरोबर आली आणि पाळ्या पूर्वीसारख्याच चुकलेल्या. पाइप असलेल्या ओळीत सुरुवातीची जोडी फक्त पहिल्या प्रोग्रॅमला मिळते. पाइपेपलीकडचा प्रोग्रॅम शेलचं स्वतंत्र मूल असतो आणि त्याला शेलची मूळ यादी मिळते. मला हा टप्पा सगळ्यांत धोक्याचा वाटला, कारण वरवर बघणाऱ्याला मथळा बरोबर दिसतो आणि तो सही करून मोकळा होतो.

उपाय दोन. प्रत्येक प्रोग्रॅमपुढे जोडी लिहायची, किंवा दोन्ही प्रोग्रॅम एका स्क्रिप्टमध्ये घालून त्या स्क्रिप्टपुढे एकदाच लिहायची. मी दुसरा घेतला. स्क्रिप्टला मिळालेली यादी तिच्या पोटातल्या प्रत्येक प्रोग्रॅमला आपोआप मिळते आणि स्क्रिप्टबाहेर कुणाला धक्का लागत नाही.

हाताने चालवून पत्रक बरोबर आलं. दुसऱ्या दिवशी दुपारी तीनला क्रॉनने काढलेलं पत्रक पुन्हा चुकलेलं. कारण मुलाने दरम्यान टीझेडची ओळ लॉगिनच्या प्रोफाइल फाइलमध्ये एक्स्पोर्ट करून ठेवली होती आणि क्रॉनच्या ओळीतून जोडी काढून टाकली होती. लॉगिन केलेल्या शेलला ती फाइल वाचायची सवय असते. क्रॉन लॉगिन करत नाही, तो ती फाइल उघडतच नाही. त्याची यादी अगदी गरीब असते: घरची डिरेक्टरी, वापरकर्त्याचं नाव, शेल, आणि प्रोग्रॅम शोधायच्या दोन-चार जागा. चालू प्रोग्रॅमला सुरुवातीला काय मिळालं हे लिनक्समध्ये 'प्रॉक' खाली त्याच्या नंबराच्या डिरेक्टरीत 'एन्व्हायरन' नावाच्या फाइलीत वाचता येतं. आम्ही स्क्रिप्टमध्ये थोडा वेळ थांबायची आज्ञा घालून ती फाइल उघडली. टीझेड नव्हतं. मुलाने स्वतः वाचलं, मला समजावावं लागलं नाही.

यानंतर मी त्याला एक सवय लावली. क्रॉनसाठीची कोणतीही गोष्ट आपल्या भरल्या घरात तपासायची नाही, क्रॉनच्या रिकाम्या घरात तपासायची. 'एन्व्ह -आय' ही आज्ञा मिळालेली सगळी यादी टाकून देते आणि पुढे लिहिलेल्या जोड्यांपुरतीच ठेवते. तिच्यापुढे क्रॉनच्या तेवढ्या तीन-चार जोड्या लिहिल्या, मग स्क्रिप्ट. दुपारच्या तीनची वाट न बघता चूक हातात आली.

तिच्याबरोबर एक जुनी चूकही वर आली. पत्रकात विणकरांची नावं रोमन अक्षरांत का छापतात हे मला कधी कळलं नव्हतं. शहराच्या पूर्व भागातली बरीच माणसं घरी तेलुगू बोलतात, सही मराठीत करतात, आणि पत्रकावर स्वतःचं नाव इंग्रजीत शोधतात. रिकाम्या घरात मराठी नावांसह प्रोग्रॅम चालवला तर तो एन्कोडिंगची चूक दाखवून बंद पडला. प्रोग्रॅम पायथन ३.६ वर होता. भाषेबद्दल यादीत काहीच नसेल तर ती आवृत्ती छापण्यासाठी आस्की, म्हणजे फक्त रोमन अक्षरं, आकडे आणि चिन्हांची जुनी यादी, धरते, आणि आस्कीत देवनागरी नाही. ३.७ पासून ही अडचण बरीच कमी झाली आहे. आधीच्या माणसाने कंटाळून नावंच रोमन करून टाकली असावीत. आम्ही ओळीत आणखी एक जोडी वाढवली. क्रॉनमधली अखेरची ओळ अशी:

३० ९ * * * टीझेड=एशिया/कोलकाता पायथनआयओएन्कोडिंग=यूटीएफ-८ /होम/मजुरी/पत्रक.एसएच

वेळेचे आकडे यूटीसीचे, साडेनऊ म्हणजे आपले तीन. ते तसेच ठेवले, कारण या ओळीतलं टीझेड स्क्रिप्टला मिळतं, क्रॉन स्वतःची वेळ त्यावरून ठरवत नाही. क्रॉनच्या ओळीत टक्क्याचं चिन्ह साधं लिहिलं तर तिथे ओळ तुटल्यासारखी होते, म्हणून तारखेची सगळी कामं स्क्रिप्टच्या आत ठेवली.

आणि स्क्रिप्टच्या पहिल्याच ओळीत एक राखणदार बसवला. 'डेट'ला यूटीसीपासूनचा फरक विचारायचा, उत्तर अधिक ०५३० नसेल तर पत्रक काढायचंच नाही, दिवाणजींना निरोप पाठवायचा. उद्या कुणी ओळ बदलली, सर्व्हर बदलला, विभागांची यादीच नसलेलं यंत्र मिळालं, तर चुकीच्या पत्रकाऐवजी पत्रक न निघणं मला कधीही चालेल.

दिवाणजींच्या विंडोजवरही याच धाटणीचं काम होतं, तेवढं सांगतो. तिथल्या जुन्या काळ्या खिडकीत (कमांड प्रॉम्प्ट) जोडी आज्ञेपुढे लिहायची सोय नाही. आधी 'सेट' करावं लागतं आणि ते ती खिडकी बंद होईपर्यंत टिकतं. एकाच ओळीत 'सेट' करून दोन अँपरसँडनी (&&) पुढची आज्ञा जोडली, तर किंमत आणि अँपरसँड यांच्यामधली मोकळी जागा किमतीतच जाते. दिवाणजींच्या फोल्डरच्या नावाला अशीच एक शेपटी लागून फाइल सापडत नव्हती. जागा काढली, सापडली.

राहिले साडेसहा आठवडे. मूळ सेकंद शाबूत होते, म्हणून डिसेंबरच्या पहिल्या दिवसापासूनची सगळी पत्रकं तीच जोडी पुढे लावून पुन्हा काढता आली. एका संध्याकाळचं काम. जुनं आणि नवं पत्रक शेजारी ठेवून प्रत्येक विणकराचा फरक काढला. वहीतल्या त्या एका तासाचे डझन मुकादमांनी वाचून दाखवले आणि हाताने भरले. ज्यांना कमी मिळाले होते त्यांना पुढच्या पगारात फरक द्यायचा, ज्यांना जास्त मिळाले त्यांच्याकडून कापायचे नाहीत, असं मी मालकांना सुचवलं. चूक त्यांची नव्हती. मालकांनी दिवाणजींकडे बघितलं आणि हो म्हणाले.

फरकाच्या यादीत सगळ्यांत वर मामांच्या मागावरचाच दिवसपाळीचा विणकर होता, तरणा, हाताचा चलाख. त्याने पैसे मोजले आणि यादीत आपलं नाव मराठीत बघून दोनदा वाचलं. मामांनी आपली ओळ शोधली, दारूकामाच्या रात्रीवर बोट ठेवलं. तिथे शून्य होतं. त्यांनी खिशातलं पेन काढलं आणि सही केली.